टिंबाच्या उजवीकडील घरें

श्रोतेहो, आज मीं बोलावयास घेतलेला विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना वाटेल, कीं हा मास्तर आकाशवाणीवर येऊनहि शाळा भरविल्यावांचून राहिला नाहीं. हा आक्षेप मला मान्य आहे. दशांश अपूर्णांकांतील अंकांची स्थानिक किंमत हा पांचवी-सहावीच्या वर्गाचा विषय. तो प्रौढांपुढें मांडण्याचें प्रयोजन काय, असें कोणीहि विचारील. त्याचें उत्तर मी एका हकीकतीनेंच देतों. कारण ह्या विषयाची खरी शिकवण मला वर्गांत मिळाली नाहीं, ती एका शेताच्या वाटणींत मिळाली.

आमच्या गांवीं दोन सख्खे भाऊ आहेत. वडिलांच्या मागें ते पुष्कळ वर्षें एकोप्यानें नांदले. पुढें मुलेंबाळें वाढलीं, तेव्हां त्यांनीं शेताची वाटणी करावयाचें ठरविलें. शेत एकूण ०.७६ हेक्टर. विहीर धाकट्याच्या बाजूस येत होती, म्हणून त्यानें थोडी जमीन कमी घ्यावी, असें दोघांच्या संमतीनें ठरलें. आणि एका जाणत्या नातलगानें कच्च्या कागदावर लिहून दिलें, थोरल्यास ०.४ हेक्टर, धाकट्यास ०.३६ हेक्टर. कागद घरीं आला. थोरल्यानें तो वाचला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "मला शून्य पॉइंट चार आणि त्याला शून्य पॉइंट छत्तीस! म्हणजे मला चार आर आणि त्याला छत्तीस आर. दोन्ही मिळून झाले चाळीस. शेत तर शहात्तर आरांचें! मग उरलेले छत्तीस आर कोणाच्या घशांत गेले?" झालें. दोन महिने त्या घरांत भावाचें भावाशीं बोलणें बंद पडलें. आतां वकिलाकडे जावयाचें, इथवर गोष्ट आली. जाण्यापूर्वीं थोरला तो कागद घेऊन माझ्याकडे आला. तो माझाच विद्यार्थी. म्हणाला, "गुरुजी, तुम्हींच वाचा आणि सांगा, हा अन्याय आहे कीं नाहीं?"

मीं कागद वाचला, आणि माझीच मान खालीं गेली. कागदांत अन्याय नव्हता. थोरल्याला चाळीस आर मिळाले होते आणि धाकट्याला छत्तीस. बेरीज बरोबर शहात्तर. चूक होती ती वाचण्यांत, आणि तसें वाचावयास त्याला मींच शिकविलें होतें. वर्षानुवर्षें फळ्यावर ०.३६ असें लिहून मी तोंडानें "शून्य पॉइंट छत्तीस" म्हणत आलों होतों. मुलें बेरजा-वजाबाक्या अचूक करीत, परीक्षेंत मार्क मिळवीत, आणि मी समाधान मानीत असें. परंतु टिंबापुढील तीन आणि सहा हे अंक कोणत्या घरांत बसले आहेत, हें त्यांच्या मनांत कधींच उतरलें नव्हतें. त्यांच्या कानावर "छत्तीस" हाच शब्द पडत होता, आणि छत्तीस हे चारापेक्षां मोठे, हें तर पहिलींतल्या मुलालाहि ठाऊक असतें.

म्हणून आजचा हा पाठ, श्रोतेहो, माझ्या जुन्या चुकीची दुरुस्ती आहे, असें समजा. वर्गांत मजपुढें फळा असे. येथें तो नाहीं. ज्यांना शक्य असेल त्यांनीं कागद-पेन्सिल घ्यावी, आणि ज्यांना शक्य नसेल त्यांनीं मन हाच फळा समजावा.

प्रथम टिंब बाजूला ठेवूं आणि ५५५ ही साधी संख्या लिहूं. तिन्ही अंक दिसावयास अगदीं सारखे. पण उजवीकडचा पांच म्हणजे पांचच, मधला पांच म्हणजे पन्नास, आणि डावीकडचा पांच म्हणजे पांचशें. अंक तोच, घर बदललें कीं त्याची किंमत बदलली. घरावरून ठरणाऱ्या ह्या किंमतीलाच स्थानिक किंमत म्हणतात. एकं, दहं, शतं, हजार हीं त्या घरांचीं नांवें. प्रत्येक घराची किंमत त्याच्या उजव्या शेजाऱ्याच्या दसपट. नियम एवढा एकच आणि चिन्हें अवघीं दहा. एवढ्या सामग्रीवर कितीहि मोठी संख्या लिहितां येते. रोमन पद्धतींत हें नव्हतें. तेथें अठ्ठ्याऐंशी लिहावयास आठ अक्षरें लागतात आणि शंभर लिहावयास एकच पुरतें. लांबीवरून लहानमोठेपणा कळत नाहीं, आणि उभी मांडणी करून बेरीज-गुणाकार करण्याची सोयहि नाहीं.

ही घरांची पद्धत आपल्या देशांत वाढली, ह्याचा अभिमान आपण बाळगतों, आणि तो योग्य आहे. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ग्रंथांत एका स्थानाहून पुढचें स्थान दसपट असतें, हें स्पष्ट सांगितलें आहे. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें शून्य ही एक संख्याच मानून तिच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरांत इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेचें माप आणि रोज द्यावयाच्या हारांची संख्या त्यांत कोरली असून, २७० आणि ५० हे आंकडे शून्यासह आज आपण वाचूं शकतों. त्या २७० मधील शून्य काय काम करतें, पाहा. तें स्वतः कांहीं मोजीत नाहीं. पण एकंचें घर अडवून बसतें. तें नसतें, तर सात दहंच्या घरांतून एकंच्या घरांत घसरला असता, आणि दोनशें सत्तर हातांची बाग सत्तावीस हातांची झाली असती. रिकाम्या घराला कुलूप घालून तें राखून ठेवणें, हें शून्याचें काम ध्यानांत ठेवा. तें आपल्याला पुन्हा लागणार आहे.

आतां उलट चालूं. डावीकडे जातांना किंमत दसपट होते, तर उजवीकडे येतांना ती दहावा भाग झाली पाहिजे. हजाराचा दहावा भाग शंभर. शंभराचा दहावा भाग दहा. दहाचा दहावा भाग एक. येथें आपण एकंच्या घरीं पोहोंचलों. बहुतेक मुलें येथें थांबतात, कारण त्यांना वाटतें कीं रस्ता संपला. परंतु नियमानें "येथें थांबा" असें कोठें म्हटलें आहे? एकाचाहि दहावा भाग होतो. भाकरीचे दहा सारखे तुकडे केले, तर त्यांतला एक तुकडा म्हणजे एक दशांश. त्या तुकड्याचेहि दहा भाग केले, तर त्यांतला प्रत्येक भाग मूळ भाकरीचा शंभरावा हिस्सा, म्हणजे शतांश. त्याचे पुन्हा दहा केले कीं सहस्रांश. म्हणजे एकंच्या उजवीकडेहि त्याच वस्तीचीं घरें आहेत, आणि त्यांचा कायदाहि तोच आहे. दशांश अपूर्णांक म्हणजे कांहीं निराळें शास्त्र नव्हे. एकं-दहंचाच रस्ता पुढें चालू ठेवला आहे, इतकेंच.

मग टिंबाचें काम काय? नुसते ३७५ असे अंक लिहिले, तर शेवटचा अंक एकंच्या घरांत आहे, असें आपण धरून चालतों. पण उजवीकडेहि घरें आहेत म्हटल्यावर एकंचें घर कोणतें, हें सांगावयास खूण हवी. ती खूण म्हणजे टिंब. टिंबाच्या लगत डावीकडे जें घर, तें एकंचें. ३.७५ असें लिहिलें, तर तीन हे एकं, सात हे दशांश आणि पांच हे शतांश. टिंब ही दोन संख्यांमधील भिंत नव्हे. तिच्या एका बाजूला तीन नांवाची एक संख्या आणि दुसऱ्या बाजूला पंचाहत्तर नांवाची दुसरी संख्या राहते, असें समजणें हीच सर्व घोटाळ्यांची जननी होय.

येथें हुशार मुलें एक शंका काढतात. डावीकडे एकं, दहं, शतं. उजवीकडे दशांश, शतांश. मग "एकांश" कोठें गेला? शंका चांगली आहे. तिचें उत्तर असें, कीं ह्या वस्तीचा मध्य टिंब नव्हे, एकंचें घर आहे. त्याच्या एका बाजूस दहं तर दुसऱ्या बाजूस दशांश. दोन घरें पलीकडे इकडे शतं तर तिकडे शतांश. एकं स्वतः मध्यभागीं बसला असून, त्याला आरशांत दुसरें रूप नाहीं.

आतां त्या दोघां भावांच्या शेताकडे वळूं. त्या दिवशीं मीं थोरल्याला जें काढून दाखविलें, तेंच आपणहि काढा. एक मोठा चौकोन काढा. हा एक हेक्टर. त्याची प्रत्येक बाजू शंभर मीटर, आणि क्षेत्र दहा हजार चौरस मीटर. आतां उभ्या रेघा मारून त्याचे दहा सारखे पट्टे करा. एक पट्टा म्हणजे हेक्टराचा दहावा भाग, अर्थात् एक दशांश. नंतर आडव्या रेघा मारून प्रत्येक पट्ट्याचे दहा चौकोन करा. एकंदर शंभर लहान चौकोन झाले. प्रत्येकाची बाजू दहा मीटर, क्षेत्र शंभर चौरस मीटर. म्हणजे हेक्टराचा एक शतांश. व्यवहारांत ह्यालाच आपण एक आर म्हणतों.

थोरल्याचा वांटा ०.४ हेक्टर. टिंबाच्या लगत उजवीकडे चार, म्हणजे चार दशांश, म्हणजे चार संपूर्ण पट्टे. त्यांतील चौकोन मोजा, चाळीस भरतात. धाकट्याचा वांटा ०.३६. तीन दशांश म्हणजे तीन पट्टे, आणि वर सहा शतांश म्हणजे सहा सुटे चौकोन; एकूण छत्तीस. कोणाला अधिक मिळालें, हें आतां डोळ्यांनाच दिसतें. चार आर लिहावयाचे असते, तर चार हा अंक शतांशाच्या घरांत बसवावा लागला असता, आणि दशांशाचें रिकामें घर शून्यानें राखावें लागलें असतें, ०.०४. ग्वाल्हेरच्या शिलालेखांतील शून्याचेंच हें काम. ०.४ आणि ०.०४ ह्यांत दिसावयास एका शून्याचा फरक. जमिनींत मात्र एकीकडे एकराला थोडें कमी आणि दुसरीकडे अवघे चार गुंठे, इतकें अंतर.

थोरल्यानें चौकोन मोजले, पुन्हा मोजले, आणि विचारलें, "मग गुरुजी, त्यांनीं ०.४० असें कां नाहीं लिहिलें?" प्रश्न अगदीं मर्माचा होता. ०.४ आणि ०.४० ह्यांची किंमत एकच. शेवटचें शून्य एवढेंच सांगतें, कीं चार पट्टे पूर्ण आहेत, वर सुटा चौकोन एकहि नाहीं. म्हणून नातलगानें तें गाळलें, ह्यांत त्याची चूक नव्हती; परंतु दोन्ही वांट्यांना टिंबापुढें दोन-दोन घरें ठेवलीं असतीं, ०.४० आणि ०.३६, तर तंटाच उपजला नसता. ह्यावरून तुलनेचा एक सोपा उपाय हातीं येतो. दोन दशांश संख्या ताडून पाहावयाच्या असल्या, तर अगोदर उजवीकडे शून्यें देऊन त्यांचीं घरें सारखीं करावीं. ३.१५ मोठे कीं ३.४ मोठे? ३.१५ आणि ३.४० असें लिहा. उत्तर आपोआप मिळतें. बेरीज-वजाबाकींतहि हाच उपाय. टिंबाखालीं टिंब आलें पाहिजे, म्हणजे दशांशाखालीं दशांश आणि शतांशाखालीं शतांश येतात. थोरल्यानें मनांत चार आणि छत्तीस ह्यांची बेरीज करतांना दशांशांतले चार शतांशांतल्या सहांत मिळविले, आणि शेतांतले छत्तीस आर हरवून बसला.

ह्या शून्याची रीत साध्या संख्यांच्या बरोबर उलट आहे, हें मुलांना आवर्जून सांगावें. पूर्ण संख्येच्या उजवीकडे शून्य दिलें, कीं ती दसपट होते. ४ चे ४० होतात. टिंबापुढील अंकांच्या शेवटीं शून्य दिल्यानें मात्र कांहींच बदलत नाहीं. पूर्ण संख्येच्या डावीकडे शून्य दिल्यानें कांहीं होत नाहीं. पण टिंब आणि अंक ह्यांच्या मध्यें शून्य घुसविलें, कीं किंमत दहावा भाग होते. नियम दोन नाहींत. दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच विचारावयाचा, "शून्यानें अंकाचें घर बदललें काय?" बदललें असेल तर किंमत बदलली, नसेल तर नाहीं.

ह्याच कारणानें "दहानें गुणावयाचें म्हणजे पुढें शून्य द्यावयाचें" हें आम्हां मास्तरांचें लाडकें वाक्य येथें दगा देतें. २.५ ला दहानें गुणून मुलगा २.५० लिहितो, आणि आपल्याला त्याचें हसूं येतें. परंतु त्यानें आमचीच आज्ञा पाळलेली असते. खरें सांगावयाचें तें असें, कीं दहानें गुणलें कीं प्रत्येक अंक एक घर डावीकडे सरकतो. दोन एकं होते ते दोन दहं झाले, पांच दशांश होते ते पांच एकं झाले, उत्तर पंचवीस. ४ चे ४० होतात तेहि ह्याच सरकण्यानें. शून्य येतें तें रिकामें पडलेलें एकंचें घर राखावयास.

आपल्या मराठी माणसाला हा विषय वास्तविक परका वाटूं नये. आमच्या वडिलांच्या पिढीनें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी तोंडपाठ केली होती. सव्वातीनांहून साडेतीन अधिक, हें बाजारांत भाजी विकणाऱ्या निरक्षर बाईलाहि कोणी शिकवावें लागत नाहीं. पण तेंच ३.२५ आणि ३.५ असें लिहिलें, कीं शिकलेला मुलगा गोंधळतो, कारण त्याच्या कानांत "पंचवीस" आणि "पांच" हे शब्द घुमत असतात. त्याला एवढेंच सांगावें, कीं पाव म्हणजे ०.२५, अर्धा म्हणजे ०.५, पाऊण म्हणजे ०.७५. मग तो विचारील, अर्ध्याला एकच घर पुरतें आणि पावाला दोन कां लागतात? दहाचे दोन सारखे भाग पांच-पांचाचे होतात, म्हणून अर्धा दशांशाच्या एका घरांत मावतो. दहाचे चार सारखे भाग पूर्ण अंकांत होत नाहींत, पण शंभराचे होतात, पंचवीस-पंचवीसाचे. म्हणून पावाला शतांशापर्यंत जावें लागतें. आठव्या भागाला हजार लागतात, ०.१२५. आणि तिसरा भाग तर दहा, शंभर, हजार कोणालाच दाद देत नाहीं. म्हणून तो ०.३३३ असा न संपणारा चालत राहतो. अंकांची संख्या अधिक म्हणून किंमत अधिक, असें मुळींच नाहीं. तुकडे अधिक बारीक केले, एवढाच तिचा अर्थ.

येथें एक सावधगिरीची सूचना. जेथें टिंब दिसेल तेथें दशांश आहेच, असें समजूं नये. क्रिकेटच्या वर्णनांत १५.४ षटकें असें लिहितात. तेथें चार म्हणजे चार चेंडू. षटकाचे चेंडू सहा, म्हणून १५.५ नंतर १५.६ न येतां १६ येतात, आणि १५.४ षटकें म्हणजे खरोखर पंधरा आणि दोन तृतीयांश. घड्याळांतील २.३० म्हणजे दोन तास तीस मिनिटें, अर्थात् अडीच तास. दशांशांत तें २.५ होतील. पूर्वींच्या नाण्यांचेंहि असेंच होतें. रुपयाचे आणे सोळा. म्हणून पांच रुपये चार आणे ही रक्कम दशांशांत ५.४ नव्हे, ५.२५ अशी लिहावी लागे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, तेव्हां रुपये-पैसे आणि दशांश ह्यांचें सूत जुळलें. तरीहि पांच रुपये चार पैसे लिहितांना ५.०४ असेंच लिहिलें पाहिजे. सातबाराच्या उताऱ्यावर ०.४०.०० अशीं दोन टिंबें दिसतात. तीं हेक्टर, आर आणि चौरस मीटर वेगळे दाखविणारीं आहेत. दशांश संख्येंत टिंब एकच असतें. म्हणून टिंब दिसतांच विचारावें, "येथें मोठ्याचे लहान भाग किती?" दहा, शंभर, हजार असें उत्तर आलें तरच तो दशांश; सहा, सोळा किंवा साठ आलें तर नव्हे.

ही घरें ओळखतांना मुलें अडखळलीं, तर पालकांनीं रागावूं नये. मोठमोठ्या पंडितांनाहि हा रस्ता सांपडावयास शतकें लागलीं. आपल्या प्राचीन गणित्यांनीं डावीकडचीं घरें परार्धापर्यंत नेलीं; पण अपूर्णांक मात्र ते वर अंश आणि खालीं छेद असेच, मधली रेघ न देतां, लिहीत राहिले. एकंच्या उजवीकडे तोच नियम चालविण्याची कल्पना दमास्कसच्या अल्-उक्लिदिसी ह्याच्या इ. स. ९५२ च्या सुमाराच्या ग्रंथांत आढळते. हे अरबी गणिती आपल्याकडून गेलेल्या अंकांनींच हिशेब करीत होते, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे. पुढें समरकंदच्या अल्-काशीनें इ. स. १४२७ मध्यें पुरा केलेल्या आपल्या ग्रंथांत दशांश अपूर्णांकांचें पद्धतशीर विवेचन केलें. युरोपांत सायमन स्टेव्हिन ह्या गणित्यानें इ. स. १५८५ मध्यें एक छोटें पुस्तक छापून व्यापारी, मोजणीदार आणि सामान्य लोक ह्यांच्यासाठीं ही रीत समजावून दिली. तो टिंब देत नसे. प्रत्येक अंकाजवळ वर्तुळांत त्या घराचा क्रमांक लिही, एकंजवळ शून्य, दशांशाजवळ एक, शतांशाजवळ दोन. लिहावयास ही रीत अवजड खरी. पण तींत अंक आपल्या घराचा पत्ता सदैव बरोबर बाळगतो. पुढें नेपिअरच्या मृत्यूनंतर इ. स. १६१९ मध्यें छापलेल्या ग्रंथांत हें ओझें उतरवून एकट्या टिंबावर काम भागविलेलें दिसतें. सोय झाली, परंतु पत्ता लिहिणें बंद झाल्यामुळें तो मनांत ठेवण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर आली.

ती जबाबदारी कोठें जिवावर बेतूं शकते, तें सांगून आटोपतें घेतों. औषधाच्या मापांत टिंब एक घर इकडेतिकडे झालें, कीं मात्रा दसपट होते किंवा दहावा भाग होते. तान्ह्या मुलाला ०.५ मिलिलिटर द्यावयाचें औषध आणि मोठ्या मुलाला ५ मिलिलिटर, म्हणजे लहान चमचाभर, द्यावयाचें औषध ह्यांत एवढेंच अंतर आहे. म्हणून औषधें लिहिणारांसाठीं दोन नियम रूढ आहेत. एकापेक्षां कमी मात्रा असेल, तर टिंबाच्या अगोदर शून्य अवश्य लिहावें. नुसतें टिंब पुसट उमटलें, तर अर्ध्याचे पांच होतात. आणि मात्रा पूर्ण अंकांत असेल, तर पुढें टिंब व शून्य मुळींच लिहूं नये; १.० मधील टिंब दिसलें नाहीं, तर एकाचे दहा होतात. घरांत असें औषध देतांना आंकडा मोठ्यानें वाचावा, पिचकारीवरील रेघेशीं ताडून पाहावा, आणि शंका आली तर औषध देणाऱ्यास पुन्हा विचारावें. त्यांत लाज कसली?

आतां वाचावें कसें, एवढेंच राहिलें. ०.३६ ही संख्या "छत्तीस शतांश" अशी वाचावी, किंवा "शून्य दशांशचिन्ह तीन, सहा" असा एकेक अंक सुटा उच्चारावा. ०.४ म्हणजे "चार दशांश". "चार दशांश" आणि "छत्तीस शतांश" असें कानावर पडलें, म्हणजे मनुष्य क्षणभर थांबतो आणि तुकड्यांचा आकार विचारांत घेतो. "पॉइंट छत्तीस" ह्या उच्चारांत तो आकारच नाहींसा होतो. माझ्या शिक्षक बंधुभगिनींना माझी हात जोडून विनंती आहे, कीं वर्गांत हा एक उच्चार तेवढा सांभाळावा. मीं तो सांभाळला नाहीं, आणि त्याची किंमत माझ्या एका विद्यार्थ्यानें दोन महिन्यांच्या अबोल्यानें मोजली.

त्याच संध्याकाळीं थोरला आपल्या भावाच्या ओसरीवर गेला. काय बोलणें झालें, तें मीं विचारलें नाहीं. पुढें मोजणीच्या दिवशीं मी मुद्दाम त्या शेताकडे गेलों होतों. दोघे भाऊ एकाच फितीचीं दोन टोकें धरून बांधावर उभे होते. थोरला मापें मोठ्यानें वाचीत होता, एकेक अंक सुटा करून, आणि धाकटा तीं लिहून घेत होता.